चालत्या घराची पडवी

घर म्हणजे एका जागी उभे राहणारी वस्तू, अशी माझी पासष्ट वर्षांची समजूत होती. धुळ्याच्या ज्या वाड्यात मी जन्मलो, त्याचे जोते काळ्या दगडाचे, खांब सागवानी आणि पुढे लांबलचक ओसरी. त्या ओसरीवर आजोबांनी पंचांग पाहिले, वडिलांनी शिकवण्या केल्या आणि मी अमरकोश पाठ केला. जुन्या अकरावीची परीक्षा देऊन मॅट्रिक झालो, पुढे पाठशाळेत काही वर्षे काव्य-व्याकरण घोटले आणि मुलांकडून शब्दरूपे वदवून घेण्यात सारी नोकरी संपविली; परंतु बिऱ्हाड म्हणून कधी हलविले नाही. अशा स्थावर मनुष्यावर उतारवयात चाकांवरच्या घरात राहण्याचा आणि त्या घराला कापडाची पडवी जोडण्याचा प्रसंग यावा, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची. परंतु त्या तीन दिवसांत मी जे शिकलो ते सांगण्याजोगे आहे, असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

आमचे चिरंजीव सहकुटुंब विलायतेत असतात. गेल्या मार्गशीर्षात ते सुटीवर आले, ते एक भले मोठे गाठोडे घेऊन. वाटले, थंडीचे कपडे असतील. उलगडून पाहतो तो आत करड्या रंगाचे मेणकापडासारखे जाड कापड, आतून रबरी दोरी ओवलेल्या लवचीक कांड्या, दोरांच्या गुंड्या आणि पिशवीभर लोखंडी मेखा. "अण्णा, ही गाडीला लावायची पडवी," चिरंजीव म्हणाले. "गाडी निघून गेली तरी ही उभी राहते. परत आलो की पुन्हा जोडायची." मी हसलो. जी पडवी घराला सोडून उभी राहते तिला पडवी कसे म्हणावे, असा वैयाकरणाचा आक्षेपही घेतला.

येथे एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. आमचा वाडा पाडून तेथे सदनिकांची इमारत उठवावी, असे दोन वर्षांपासून घाटत होते. भिंतींना ओल आली होती, माडीच्या तुळया वाकल्या होत्या. माझ्या दोघा बंधूंनी कागदावर सह्या केल्या होत्या. माझी एकट्याची राहिली होती. चिरंजिवांचे म्हणणे, "अण्णा, सही करा. आईला आता जिना चढवत नाही." माझे म्हणणे असे की, ज्याने स्वतः घर सोडले त्याने ते पाडण्याचा सल्ला देऊ नये. हे मी तोंडाने कधी बोललो नाही. पण न बोललेला शब्द घरात अधिक जागा व्यापतो. आमच्या सौभाग्यवतींना हे सारे कळत होते. म्हणूनच की काय, सहलीचा बेत निघताच त्यांनी माझ्या आधी होकार देऊन टाकला.

गाडी पुण्याकडून भाड्याने आणविली होती. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी एक धोरणच जाहीर केले, हे मला तेव्हा समजले. आत निजावयाचे बाक, लहानशी ओट्याची जागा, पाण्याची टाकी, दिव्यांची सोय. एखाद्या काटकसरी गृहिणीने लावलेल्या दीड खोलीच्या संसारासारखे सारे आटोपशीर होते. इंग्लंडात ही हौस जुनी आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका डॉक्टरने केवळ हिंडण्याकरिता घोड्यांनी ओढावयाची एक घरगाडी बांधवून घेतली आणि तिचे नाव 'वाँडरर', म्हणजे भटकी, असे ठेविले. तोवर तशा गाड्यांतून राहत ते पोटासाठी भटकणारे लोक. डॉक्टरसाहेबांनी ते सुखासाठी केले, एवढाच फरक.

पण कापडी घर ही काही विलायती कल्पना नव्हे. अमरकोशात तंबूला 'दूष्य' असा शब्द आहे. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराला विदर्भाकडे निघालेला अज वाटेत 'उपकार्यां'मध्ये, म्हणजे राजाच्या तंबूंत, उतरतो आणि त्याच्या सेनेचा तळ नर्मदातीरी पडतो. ती नर्मदा आमच्या सातपुड्यापलीकडेच वाहते. अकबर बादशहाजवळ तंबूंचे दोन संच असत; एकात मुक्काम चाले, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामी उभारला जाई. आणि बादशहाची गोष्ट कशाला? पंढरीच्या वारीत दिंडीचे सामान गाडीने पुढे जाते आणि वारकरी पोचण्याआधी राहुट्या उभ्या राहतात, हे आपण दरसाल पाहतोच. आमच्या मुक्ताईची पालखी तर खानदेशातून महिनाभर चालून पंढरपूर गाठते. तात्पर्य, विद्या जुनीच. आम्ही बैठे लोक ती विसरलो.

धुळ्याहून निघालो तो पारोळा, एरंडोल करीत सुमारे ९० किलोमीटरांवर जळगाव. एरंडोल म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी आमच्याकडची परंपरा. लाक्षागृहातून सुटलेले पांडव तेथे एका ब्राह्मणाच्या घरी राहिले, ही कथा मी नातवाला सांगितली. त्याने लगेच विचारले, "आजोबा, त्यांचे स्वतःचे घर नव्हते?" मी म्हटले, "जळले होते." "मग ते रडले का?" या प्रश्नाचे उत्तर व्यासांनी दिलेले मला आठवेना.

पुढे भुसावळ, सावदा करीत सातपुड्याच्या अंगाने गेलो. दोहो बाजूंना केळीच्या बागा. जवळच फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेडेगावी भरलेले ते पहिले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. शेतांतून बांबूंचे एक नगर उभारले होते, त्याला टिळकनगर नाव दिले होते आणि त्याची सजावट नंदलाल बोस यांच्या कल्पनेने झाली होती. माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे. घरी न सांगता एक घोंगडी घेऊन ते तेथे गेले होते. त्या बांबूच्या नगराचे वर्णन ते म्हातारपणीही डोळे मोठे करून करीत. चार दिवसांचे ते नगर केव्हाच मोडले. परंतु वडिलांच्या बोलण्यात ते आमच्या सागवानी वाड्यापेक्षा पुष्कळ अधिक वेळा येई, हे त्या दिवशी मला प्रथमच जाणवले.

आमचा मुक्काम रावेर तालुक्यातील पाल गावाच्या अलीकडे, एका स्नेह्यांच्या शेतात होता. तंबूलाही पाल म्हणतात आणि गावाचे नावही पाल, याची सौभाग्यवतींना मोठी गंमत वाटली. उतरल्याबरोबर पडवीचे काम सुरू झाले. ते मी सविस्तर सांगतो. कारण या कामात एक पायरी चुकली की पुढच्या साऱ्या चुकतात.

प्रथम पडवी गाडीच्या उंचीला जुळणारी हवी. सुमारे ६-७ फूट उंचीच्या गाड्यांकरिता एक जात, ८-९ फुटांच्या उंच गाड्यांकरिता दुसरी. माप न घेता आणलेली पडवी मधेच झोळीसारखी लोंबते. मग जागा सपाट पाहावी, खडे-काटे वेचून काढावेत, झाडाच्या वाळक्या फांदीखाली उतरू नये आणि पाणी वाहत येईल अशा खोलगट जागीही उतरू नये. गाडी आधी उभी करावी, तिच्या दारापासून हात-दोन हात अंतर सोडून जमिनीवर कापड अंथरावे. कांड्या खोबणीत ओवून पडवी उभी केली की चार कोपऱ्यांना मेखा ठोकाव्यात. ही पडवी आपल्या पायावर उभी राहते, गाडीवर टेकत नाही, हे तिचे वैशिष्ट्य. गाडी आणि पडवी यांच्यामध्ये कापडाचा एक बोळ असतो. त्याची कड गाडीच्या बाजूच्या पन्हळीत सरकवावयाची. आमच्या गाडीला तशी पन्हळ नव्हती, तेव्हा बोळाचे दोन पट्टे टपावरून पलीकडे टाकून खाली आवळून बांधले. सर्वांत शेवटी तणावे. तणावा शिवणीच्या रेषेत ओढावा आणि मेख सरळ न ठोकता तिचे डोके तंबूपासून दूर कलेल अशी तिरपी ठोकावी.

येथवर सारे चिरंजिवांच्या सांगण्याप्रमाणे झाले. परंतु दार कोणत्या दिशेला असावे, हा प्रश्न आला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. चिरंजीव म्हणाले, "वाऱ्याकडे पाठ करू या." मी म्हणालो, "दार पूर्वेला. घराचे दार पूर्वेलाच असावे." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता गाडी फिरवून घेतली.

रात्री डोंगराकडून वारा सुटला तो थेट त्या पूर्वद्वारातून आत शिरला. कापड शिडासारखे फुगले. भुसभुशीत जमिनीतील त्या बारीक मेखा एकामागून एक निघाल्या आणि मध्यरात्री चिरंजीव, सूनबाई व मी अंधारात तणावे धरून उभे राहिलो. शेजारच्या शेतात साक्री तालुक्याकडचे एक ठेलारी मेंढपाळ उतरले होते. आमची त्रेधा पाहून त्यांतला एक म्हातारा कंदील घेऊन आला. आमच्याच जिल्ह्यातला, बोलणे अहिराणी. सारा प्रकार पाहून तो एवढेच म्हणाला, "मास्तर, पहिले वारा कथाईन येस ते देखा." मी मास्तर आहे हे त्याला कोणी सांगितले होते कोण जाणे; बहुधा माझ्या ओरडण्यावरून कळले असावे. त्याने स्वतःच्या बाभळीच्या जाड मेखा आणल्या, मोगरीने तिरप्या ठोकल्या आणि दार दक्षिणेकडे करवून दिले. पाऊण घटकेत पडवी खडकासारखी उभी राहिली. ज्याला कायमचे घर नाही, त्यानेच घर रोवावयाचे कसे ते मला शिकविले.

दुसरा दिवस आनंदात गेला. नातवाने गाडीच्या चारी चाकांशेजारी दगड मांडले. "गाडी परत आली की इथेच उभी करायची, नाही तर बोळ जुळत नाही," असे त्याने मला बजावले. दुपारी आम्ही दोघेच असता चिरंजिवांनी कागदाची गोष्ट काढली. मी, जे दोन वर्षे गिळले होते, ते बोलून गेलो. "तुला सुटायचे होते, तू सुटलास. आता मागे राहिलेले घरही मोडायला निघालास." त्यांनी उत्तर दिले नाही, उठून तणावे तपासू लागले. त्यांची पाठ पाहून मला माझ्याच शब्दांची लाज वाटली. पण शब्द परत कसा घ्यावा हे शिक्षकाला कोणी शिकविलेले नसते.

त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. आमच्या सौभाग्यवतींना मधुमेह आहे. डॉक्टरांनी उपास करू नका म्हणून सांगितलेले; परंतु चाळीस वर्षांचे व्रत त्यांच्याने सुटेना आणि ते सोडा असे मीही कधी म्हटले नाही. संध्याकाळची गोळी त्यांनी नेमाने घेतली. पंचांगात चंद्रोदय नवाच्या आत होता. पण पूर्वेला डोंगराची सोंड आडवी. नऊ वाजले, तरी चंद्र दिसेना. सूनबाई म्हणाल्या, "आई, वेळ होऊन गेली आहे, आता जेवून घ्या." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "दर्शन म्हणजे दर्शन. आणखी थोडा वेळ थांबायला काय हरकत आहे?"

हे वाक्य मला जन्मभर पुरेल. साडेनवाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. सूनबाईंनी ओळखले की साखर उतरली आहे. लगेच साखरेचे पाणी घोट घोट पाजले, तेव्हा त्या थोड्या सावध झाल्या. तरी ग्लानी जाईना. तालुक्याच्या बाजूला दवाखाना होता, तेथे तत्काळ नेणे भाग होते.

आणि येथे ती पडवी कामास आली. चिरंजिवांनी टपावरचे दोन पट्टे सोडले, बोळ मागे गुंडाळून बांधला. एवढेच. खाट, सामान, पांघरुणे, निजलेला नातू, सारे पडवीत जसेच्या तसे राहिले. पाच मिनिटांच्या आत गाडी मोकळी झाली. आत सौभाग्यवतींना निजविले, सूनबाई उशाशी बसल्या. मी चढू लागलो तो त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "अहो, तुम्ही बाळाजवळ थांबा." गाडीचे दिवे केळीच्या बागांआड दिसेनासे झाले.

मी पडवीच्या दारात बसलो. अर्ध्या तासाने डोंगराच्या सोंडेवर चंद्र आला. मी हात जोडले. पण ते कोणापुढे आणि कशासाठी, हे सांगता येणार नाही. मेंढपाळ म्हातारा येऊन बसला. त्याने बाहेर, कापडापासून दूर, शेकोटी केली. आत मुळीच करू दिली नाही. बंद तंबूत शेगडीचा धूर न दिसताही जीव घेतो, हे त्याला पुस्तकांवाचून ठाऊक होते. मी त्याला विचारले, "बाबा, दर काही दिवसांनी घर उखडताना वाईट वाटत नाही का?" तो म्हणाला, त्याचा मुलगा मेंढरे घेऊन पुढे जातो, तो मागे राहतो, कधी मुलगा मागे, तो पुढे. "मेखा बरोबर असल्या म्हणजे झालं." याहून अधिक तत्त्वज्ञान त्याने सांगितले नाही. पहाटेपर्यंत तो बसला मात्र.

रात्रभर माझ्या मनात एकच विचार घोळत होता. ही पडवी गाडीला पक्की शिवलेली असती तर? मग ती सोडविण्यात अर्धा तास गेला असता, नाही तर फाडून टाकावी लागली असती. ती सुटू शकत होती, म्हणूनच तुटली नाही. आणि आमच्या वाड्याला मी स्वतःला असे शिवून घेतले होते की, बायकोला जिना चढवत नाही हे मला दोन वर्षे दिसले नव्हते. मुलगा सुटून गेला असे मी म्हणत होतो. पण आज त्या गाडीचे चाक त्याच्याच हाती होते आणि त्याच्या आईचे प्राण त्या गाडीत होते. धरून ठेवणे आणि सांभाळणे या दोन क्रियांचे अर्थ मी आजवर एकच समजत आलो होतो.

सकाळी सातच्या सुमारास गाडीचा आवाज आला. नातू जागा होऊन धावला आणि दोन्ही हात हलवीत गाडीला आपल्या दगडांपाशी आणू लागला. "थोडे मागे, बाबा! अजून थोडे!" चाके बरोबर खुणांवर आली. दार उघडले. सौभाग्यवती बसलेल्या होत्या, थकलेल्या; पण हसत होत्या. दवाखान्यात शिरेतून साखर दिल्यावर तासाभरात त्यांना पूर्ण शुद्ध आली होती. पुन्हा साखर उतरू नये म्हणून पहाटेपर्यंत ठेवून घेतले होते. मला पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चंद्र दिसला का हो?"

मला उत्तर देववले नाही. चिरंजीव बोळाचे पट्टे टपावरून टाकीत होते. मी पलीकडे जाऊन टोक धरले आणि म्हणालो, "धुळ्याला गेलो की तो कागद काढ. सही करतो." त्यांनी पट्टा आवळला आणि म्हणाले, "अण्णा, घाई नाही." मी म्हणालो, "आहे. काल रात्रीपासून आहे." यापेक्षा अधिक बोलणे आमच्या घराण्याच्या रीतीत बसत नाही.

निघताना दव पडून पडवी ओली झाली होती. ती उन्हात पुरती वाळवून मगच गुंडाळली. ओली घडी केल्यास कापडाला बुरशी धरते आणि शिवणी कुजतात. बाभळीच्या मेखा परत देऊ लागलो तेव्हा म्हाताऱ्याने एक माझ्याकडेच ठेवावयास सांगितले.

पुढे मी सही केली. इमारतीचे काम आता चालू आहे. आम्ही दोघे तूर्त भाड्याच्या जागेत, तळमजल्यावर राहतो. वाडा पाडला त्या दिवशी मी तेथे गेलो नाही. मन घट्ट झाले असे खोटे सांगणार नाही. सागवानी खांबांपैकी दोन ठेवून घेतले आहेत, नव्या घराच्या पडवीला लावावयाचे म्हणून. सौभाग्यवतींचा संकष्टीचा उपास बंद झाला आहे. आता त्या दिवशी मी उपास करतो आणि त्या वेळेवर जेवतात. वाचकांपैकी ज्यांच्या घरी मधुमेहाचे माणूस असेल त्यांनी गोळी आणि उपास यांची गाठ डॉक्टरांना विचारल्यावाचून घालू देऊ नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. देव थांबतो, साखर थांबत नाही.

चिरंजीव परत विलायतेस गेले. दर रविवारी दूरध्वनीवर नातू दिसतो. मागच्या रविवारी त्याने विचारले, "आजोबा, शेतातले माझे दगड अजून तिथेच आहेत ना?" मी स्नेह्यांकडे चौकशी केली. ते म्हणाले, नांगरणीत तीन हलले, एक आहे. पुढल्या वर्षी तो येईल तेव्हा उरलेले तीन आम्ही दोघे मिळून नव्याने मांडू.